शबाच्या गोठ्याची तक्रार

९ ऑगस्ट, शनिवार

या गावाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की आधी का बोलला नाहीत. शबा नावाच्या गाईने आज पहाटे पाच वाजता माझ्या उशाकडच्या भिंतीला पलीकडून शिंगं घासली. सतरा वेळा. मग एक सुस्कारा, एक शिंक, आणि पुन्हा सतरा वेळा. एखाद्या वैदिकाने घनपाठ म्हणावा इतक्या शिस्तीत. चोपन्न वर्षांच्या माणसाने नगरच्या सावेडीतला फ्लॅट आणि वरच्या मजल्यावरचा तबल्याचा क्लास सोडून शांततेसाठी खेड्यात यावं, आणि तिथे त्याला ही वागणूक मिळावी!

एवढं सोडलं तर मी अत्यंत सुखात आहे. निंबचारी हे प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या शेवटच्या चारीवरचं गाव. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला पाणी साचून वाया गेलेली चिबड जमीन, आणि तिच्यात दिवसभर बगळे उभे. संपादकांनी सांगितलंय, वर्षभर तिथेच राहा आणि कालव्याच्या टोकाला माणसं कशी जगतात ते दर आठवड्याला लिही. शाळेत अकरा वर्षं संस्कृत शिकवलं, विद्यार्थी तीनच उरले तेव्हा वर्तमानपत्रात आलो. मागेपुढे कोणी नाही. दोन खोल्या, समोर ओटा, भिंतींना ताजा चुना. मालक पुण्याला असतो.

शेजारी शांतवन. शाळेत शिपाई, चर्चची घंटा तोच वाजवतो, आणि चार जनावरं ठेवून दूध घालतो. शबा, रूथ, नामी या गाई आणि गल्याथ नावाचा बैल. गल्याथ अंगाने लहान आहे आणि कोंबडीला भितो. शांतवनची बायको मेरी शिवणकाम करते. मुलगी एंजेला नऊ वर्षांची आणि प्रश्न विचारण्यात नव्वदीची. मला 'सर काका' म्हणायचं हे तिने दहा मिनिटांत ठरवून टाकलं.

सामानात मच्छरदाणी, मलम, कॉइलची दोन खोकी आणली होती. मेरी बघून हसली. म्हणाली, ह्याचं इथं काय काम सर, घरात डास येतच न्हाईत.

१३ ऑगस्ट, बुधवार

मेरीचं खरं निघालं. शेजारी एवढं पाणी आणि घरात डास नाही. तरी मी मच्छरदाणी लावतोच. शहरी माणसाचं ते जानवं आहे, काढवत नाही.

रोज तिन्हीसांजेला एंजेला ओट्यावर येते. तिला संस्कृत शिकायचं आहे, कारण वर्गातल्या कोणालाच येत नाही. गाईंची नावं संस्कृतात चालवून दाखवा म्हणाली. चालवली. गल्याथ चालवताना मला घाम फुटला.

शिकवता शिकवता समोर बघत होतो. गोठा ओट्यापासून दहा हातांवर. अंधारू लागलं की शबाच्या पाठीवर डास उतरतात. एकदोन नाही, काळी शाल पांघरावी तसे. तिचं कातडं नुसतं थरथरतं आणि ती रवंथ करत राहते. आमच्याकडे एकही फिरकत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज एक विलक्षण गृहस्थ भेटले. नाव गहिनीनाथ, हुद्दा 'कीटक समाहारक'. हा शब्द ऐकून मला त्यांना उठून नमस्कार करावासा वाटला. सरकारी हिवताप खात्यातले आहेत. काम असं: संध्याकाळी गोठ्यात, घरात शिरायचं, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बसलेला डास शोधायचा, काचेची नळी त्याच्यावर धरायची आणि रबराच्या नळीतून तोंडाने हवा ओढायची. डास काचेत. मग त्याचं पोट टिपकागदावर चिरडायचं. कागदावर लाल ठिपका पडतो, त्याखाली नंबर. ते कागद तपासणीला जातात आणि रक्त कुणाचं ते कळतं.

डासाच्या पोटावरून त्याच्या आवडीनिवडी काढायच्या! मी चहा ठेवला आणि त्यांना बसवून घेतलं. म्हणाले, ह्या पाणथळीतल्या जातीला गाय लई प्यारी, शंभर धरले तर नव्वदांच्या पोटात गायच निघती. गाय म्हंजे ह्यांची भाकर सर, मानूस नुसतं तोंडी लावायला. आणि शास्त्राच्या पुस्तकात, ज्याचं रक्त प्यायलं जातं त्याला 'यजमान' म्हणतात असंही त्यांनी सांगितलं. आपल्या पूर्वजांना हा अर्थ ठाऊक असता तर आतिथ्यावर इतकं लिहिलं नसतं.

जाताना त्यांनी माझ्या खोलीतही बॅटरी फिरवली. सहा मिळाले. खुशीत म्हणाले, तुमच्याकडं मुक्कामाला असत्यात, जेवायला न्हाई.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज शबाने साडेचारलाच सुरुवात केली. उठून बसलो आणि त्या तिरीमिरीत एक पत्र लिहून काढलं. मजा आली. गावठाणात माणसं आणि जनावरं एका भिंतीने राहतात. तेव्हा एक तर गाईंना मतदानाचा हक्क द्यावा, नाहीतर त्यांना गावाबाहेर सन्मानाने वसवावं, आणि तोवर आमच्यासारख्यांना पहाटेच्या शृंगघर्षणाबद्दल भत्ता मिळावा. गावाचं नाव घातलं, कारण नावाशिवाय चेष्टेला धार येत नाही. खाली सही 'एक निद्राभग्न'. वाचकांच्या पत्रांत टाका म्हणून कार्यालयात पाठवून दिलं. तिथे अक्षर ओळखणारे आहेत, पण इथे गावात कोणाला कळायचं कारण नाही.

एक सोडून. संध्याकाळी कच्चा कागद टेबलावर राहिला होता आणि एंजेलाने तो अडखळत, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचला. मग इतकी हसली की ओट्यावर लोळली. सर काका, ही आमची शबाच हाय ना? कोणाला सांगायचं नाही म्हणालो. शपथ घे म्हणालो. तिने मान हलवली. आमच्यात शपथ घेत न्हाईत, नुसतं व्हय म्हनायचं, आणि म्हनलं की म्हनलं. मग म्हणाली, 'व्हय.'

२५ ऑगस्ट, सोमवार

ग्रामसभेला गेलो होतो, बातमीसाठी. सरपंच रतनबाई, मोठ्या कर्तबगार बाई. दहा सप्टेंबरला स्वच्छतेच्या स्पर्धेची तपासणी समिती येणार आहे. रतनबाईंनी पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि चष्मा लावून सगळं पत्र मोठ्याने वाचलं. लोक हसले. मीही हसलो. माझ्या वाक्यांना लोक हसताना समोर बसून बघायचा योग क्वचित येतो.

मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, हसू नका, पेपरात गावाची आब्रू गेली, समितीच्या हातात ह्योच कागद आसनार हाय. ठराव असा झाला की दहा तारखेच्या आत गावठाणातलं एकेक जनावर बाहेर. ज्यांचे मळे आहेत त्यांनी मळ्यात न्यावीत. बाकीच्यांनी आपलं बघावं.

बाकीचे म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. शांतवन मागे उभा होता. त्याला घर आहे, गोठा आहे, शेत नाही. मी उठून म्हणायला हवं होतं की बाई, ती चेष्टा होती. माझी होती. उठलो नाही, एवढंच म्हणतो. कोणीतरी, हा निद्राभग्न कोन हाय रं, असं ओरडलं आणि मी वहीत काहीतरी लिहू लागलो.

३१ ऑगस्ट, रविवार

शांतवनने जनावरं घोडेगावच्या बाजारात विकली. टेम्पोत चढताना गल्याथ अडला. शबा मुकाट चढली. मेरी दारात आली नाही. एंजेला टेम्पोमागे चारीपर्यंत गेली आणि परत येऊन माझ्या ओट्यावर बसली. मला वाटलं, आता विचारेल. तिने मला विचारलं ते असं, की सर काका, तुमाला ठावं हुतं का आसं व्हईल? मी नाही म्हणालो. ते खरं होतं. ती म्हणाली, मग ठीक हाय. आणि आपण होऊन पुढे म्हणाली की मी कोनाला सांगितलं न्हाई.

चाळीस वर्षं शब्दांशी खेळतोय. त्यातला एक शब्द जाऊन एका माणसाच्या दावणीवर बसला.

१ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी सात वाजेपर्यंत झोपलो. इथे आल्यापासूनची सगळ्यांत गाढ झोप. लिहिताना लाज वाटते.

११ सप्टेंबर, गुरुवार

समिती काल येऊन गेली. रांगोळ्या, फेटे, लेझीम. सगळ्या गोठ्यांना चुना. निंबचारी तालुक्यात पहिलं. समितीच्या प्रमुखांनी भाषणात त्या पत्राचा उल्लेख केला आणि असे जागरूक नागरिक गावोगावी हवेत, असं म्हणाले. शांतवनने खुर्च्या लावल्या, खुर्च्या काढल्या.

आज सकाळी उठलो तर उशाकडच्या भिंतीवर डास. पन्नासएक असतील. चुन्यावर चटकन दिसतात. सगळे पोटाने फुगलेले, लाल, इतके जड की हात जवळ नेला तरी उडत नाहीत. एक मारला. तळव्यावर आणि भिंतीवर रक्त, बरंच. अंग तपासलं. मला कुठेही चावलेलं नाही. रात्रभर मच्छरदाणीत होतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

गहिनीनाथ आले. फटफटी उभी करून सरळ गोठ्यात गेले आणि तसेच बाहेर आले. जनावरं कुठायत, असं त्यांनी मला विचारलं. स्पर्धा, ठराव, बक्षीस सांगितलं. पत्राचं सांगितलं नाही. पूर्ण गावातली? हो, पूर्ण गावातली. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी चहा घेतला नाही.

मग जे बोलले ते जसंच्या तसं: 'डास तेवढंच हायत सर. गाया आसताना जेवढं हुतं तेवढंच. ताटातली भाकर उचलली, आता खानार काय?'

पुढचं त्यांनी मास्तरासारखं समजावलं. पाणथळीतले बगळे आणि पलीकडची डुकरं, यांच्या रक्तात मेंदूज्वराचा विषाणू वाढतो. डास तिथून तो उचलतो. तोच डास पुढे गाईला चावला तर विषाणू तिथेच संपतो. गाईला काही होत नाही आणि तिच्याकडून पुढे कोणाकडे जात नाही. आजवर चावे तिच्यावर वाया जात होते. मुलांना सांभाळा म्हणाले. तिन्हीसांजेला अंगभर कपडे, ओट्यावर बसवायचं नाही, मच्छरदाणी. वरिष्ठांना मी कळवतो, पण फवारणी यायला आठवडा जाईल. तुम्ही उद्याच्या पेपरात टाका.

माझ्या खोलीतले त्यांनी नळीत ओढले. एकेचाळीस. टिपकागद लालेलाल.

एंजेला रोज संध्याकाळी इथे ओट्यावर बसते. पंधरा दिवस. फ्रॉकमध्ये. रूपं म्हणता म्हणता पाय खाजवते. मी पायमोजे घालून, मलम लावून तिच्यासमोर बसतो. हे मी गहिनीनाथांना सांगितलं नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बातमी लिहायला बसलो. 'गावठाणातील जनावरे हलविल्यामुळे' इथवर आलो. पुढचा प्रश्न कोणीही विचारील: का हलवली? आणि त्याच्या पुढचा: कोणाच्या सांगण्यावरून? कागद बाजूला ठेवला. कार्यालयाला बक्षिसाची बातमी हवी होती, ती पाठवली. फोटोसह.

एंजेलाला मलमाची ट्यूब दिली. वास घाण आहे म्हणून तिने परत केली. मी आग्रह केला नाही. शिकवणी ओट्यावरून घरात हलवली, घरात जास्त आहेत. मेरीला सांगायला हवं. पण मेरी विचारेल, आधी नव्हते सर, आता का?

२० सप्टेंबर, शनिवार

बातमी आज आली. चार ओळी, आतल्या पानावर, पाणीपट्टीच्या खाली. 'डासांचा प्रादुर्भाव वाढला असून नागरिकांनी काळजी घ्यावी.' मीच लिहिलं. का वाढला ते नाही. पाच दिवस लागले मला चार ओळींना.

मच्छरदाणी काढून शांतवनकडे नेऊन दिली. तो संकोचला. तुमी काय करनार सर? मला चावत नाहीत म्हणालो. तो हसला, म्हणाला, कडू रक्त दिसतंय गुरुजींचं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

एंजेला आली नाही. अंगात ताप, डोकं दुखतं. मेरी म्हणाली, हवा बदलली. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. मी डॉक्टरला गाठून गहिनीनाथांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, उद्यापर्यंत बघू. मी म्हणालो नाही, आत्ता. इतक्या मोठ्याने मी कधी बोललेलो नाही. त्याला वाटलं, मला मुलीची फार माया आहे; पण त्याने नगरच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून दिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी मान ताठ. आईला ओळखेना. मग झटके. रतनबाईंच्या जीपमधून नगरला नेलं. शांतवनच्या मांडीवर तिचं डोकं, तिच्या पिंढऱ्या जीपच्या दारातून दिसत होत्या. चाव्यांचे ठिपके. एकाला लागून एक. मोजण्याची सवय आहे मला. मोजले नाहीत.

मेंदूज्वर.

२८ सप्टेंबर, रविवार

एंजेला बेशुद्ध. नळीतून श्वास.

गहिनीनाथ निकाल घेऊन आले. गेल्या महिन्यातले गोठ्यातले: शंभरात ब्याण्णव गाय. पंधरा तारखेचे माझ्या खोलीतले एकेचाळीस: गाय दोन, माणूस एकोणचाळीस. त्यांनी विचारलं, तुमाला किती चावत्यात? मी बाह्या वर करून दाखवल्या. त्यांनी बॅटरी लावून हात बघितले, पाय बघितले. एकही नाही. म्हणाले, आसतात काही मानसं, वास आवडत न्हाई त्यांना. मग भिंतीकडे बघितलं.

मीही तेच बघत होतो. उशाच्या भिंतीला वरच्या बाजूला झरोका आहे. पलीकडे गोठा, गोठ्याला लागून शांतवनचं न्हाणीघर, मग एंजेला झोपायची ती खोली. तिच्याकडे जेवायचे आणि माझ्याकडे येऊन झोपायचे. चुन्यावर माझ्या पंजाचे लाल ठसे आहेत, पंधरा-वीस. कुणाचं रक्त पुसतोय ते ठाऊक नसताना उमटवलेले.

२९ सप्टेंबर, सोमवार

फवारणी झाली. गावभर धूर. वरच्या आळीत आणखी दोघांना ताप, पण साधा, असं म्हणतात.

माझ्या भिंतीवर सकाळी तितकेच.

३० सप्टेंबर, मंगळवार

शेजारचं घर सहा दिवस कुलूपबंद आहे. तिथे कोणी नाही. मला ते चावत नाहीत. तरी सकाळी सगळे भरलेले. लाल. कुठून पिऊन येतात — गहिनीनाथ म्हणतात कोसभर उडतात, मानू नका काही भलतं. मी काही भलतं म्हणालो नव्हतो.

संध्याकाळी सदरा काढून ओट्यावर बसलो. उघडा. पाय पसरून, ती बसायची त्या जागी. ते आले. गोठ्यावरून, झरोक्यातून, उसाकडून. कानाशी आवाज. डोळे मिटून थांबलो. म्हटलं, या. आता यजमान मी.

एकही बसला नाही. वरून गेले.

१ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा बसलो. अंगाला गूळपाणी लावून. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं, म्हणाले, सरांनी पोरीचं लई मनाला लावून घेतलंय.

नाही बसले.

भिंतीवर ते एका रांगेत बसतात. उशीच्या उंचीला. तोंडं माझ्याकडे. डास तोंड कुठे करून बसतो ते मला कळत नाही हे मान्य. तरी माझ्याकडेच.

मारणं सोडलं आहे. एकेकात थोडी थोडी ती — मारवत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नगरला गेलो. काचेतून बघितली. डोळे उघडे, पण बघत नाही. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल असं वाटतं. वाचा परत येईल न येईल, आत्ता सांगता येत नाही. ओठ हलतात, आवाज नाही.

मेरीने माझा हात धरला. देवानं तुमाला शेजारी दिलं सर, तुमी त्या डॉक्टरवर ओरडला नसता तर आमी घरीच बसलो आसतो. शांतवन जमिनीवर बसला होता. तो एवढंच म्हणाला, की पेपरात लिवनारा कोन हाय त्याच्यावर राग न्हाई माझा, शबाला एकदा बघितलं आसतं त्यानं तर लिवलं नसतं.

बघितली होती. रोज.

आत्ताच सांगावं म्हणून तोंड उघडलं. त्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले, मीही —

६ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं नाही. दोनदा गेलो, दोनदा परत आलो. तिची वाचा नाही. डॉक्टर रोज विचारतात, एंजेला, नाव सांग. ओठ हलतात.

गावात कोणालाच माहीत नाही. तिला माहीत आहे. तिने 'व्हय' म्हटलं आहे. पण आता ते तिला आठवेल का? तापातून उठलेलं मूल काय धरून ठेवतं, काय सोडून —

भिंत आज हलली. सगळी एकदम. उजाडताना. मग पुन्हा पांढरी आणि वर ते.

८ ऑक्टोबर, बुधवार

झोप लागते. हेच भयंकर. ते वर बसलेले असतात आणि मला गाढ —

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी शांतवनचा फोन. रडत होता. पोरगी बोलली. काल सांजच्याला. पहिला शब्द कोणता माहिती हाय का सर? 'सर काका'. तुमालाच बोलवतीय. काहीतरी सांगायचंय म्हनती, तुमी आल्यावरच सांगते म्हनती. या लगेच.

रतनबाई येऊन गेल्या, जीप पाठवते म्हणाल्या. सगळी आळी दारात. मला हार घालायचं बाकी ठेवलंय.

पिशवी भरली. जीप आली, वाजवतोय. एवढं लिहून निघतो.

भिंतीवर आहेत. असू देत. मला त्यांची भीती नाही वाटत. मला तिची वाटते. ती बोलेल, याची. आणि ही भीतीही आजची नाही — ती गप्प होती ते पंधरा दिवस, मी रोज — त्या दिवशी मेरी-शांतवनबरोबर डोळे मिटून बसलो तेव्हा मीही मागितलं. मनापासून मागितलं. म्हटलं, देवा, कोणाचाही असशील तो, तिला जगू दे, पण तिला बोलू देऊ न—